लग्नानंतर सुरू करू

आमच्या शनवारा बाजारातल्या दुकानात आम्ही लेकीच्या लग्नाचा शालू निवडत होतो. मी लालभडक एक काढायला लावला. शेजारी बसलेली सून म्हणाली, "आई, हा तं फिका दिसून राहिला. विटकरी." दुकानदाराने तो उजेडात धरला, लेकीने खांद्यावर टाकून दाखवला, तरी सुनेचं आपलं तेच. माझं डोकं फिरलं. नणंदेचा शालू आपल्यापेक्षा भारी, म्हणून नाक मुरडते आहे, असं मी चारचौघांत बोलून गेले. माझ्या जिभेला हाड नाही हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे.

दोन दिवसांनी कळलं, तिच्या उजव्या डोळ्याला लाल रंग खरंच विटका दिसत होता, आणि डोळा फिरवला की आत दुखत होतं. इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी इंदूरला धाडलं. तिथे एमआरआय झाला. फोटोत मेंदूवर पांढरे डाग होते. अंगातली राखण करणारी शक्तीच चुकून नसांवरचं वेष्टन कुरतडते, असं डॉक्टरांनी समजावलं. नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. सलाइनमधून औषध दिलं आणि तीन आठवड्यांत तिला नीट दिसायला लागलं. पण ते म्हणाले, "बरं वाटतंय म्हणून थांबू नका. नवे डाग पडू नयेत यासाठी इंजेक्शनं लगेच सुरू करायची."

लग्नाला साडेतीन महिने होते. घरात पाहुण्यांची ये-जा, इंजेक्शनं फ्रिजमध्ये ठेवायची, कोणी ना कोणी विचारणारच. सुनेच्या मेंदूत डाग, ही गोष्ट सोयऱ्यांच्या कानी गेली की 'त्यांच्या घरात वेड आहे' व्हायला एक दिवस पुरे.

"आई, डॉक्टरांनी लगेच म्हटलंय," मुलगा म्हणाला.

"ठणठणीत तं आहे ती. लग्न होऊन जाऊ दे, दुसऱ्याच दिवशी सुरू करू."

त्याने बायकोकडे पाहिलं. तिने मान हलवली. शालूवरून मी तिला बोलले होतेच. आता नाही म्हटलं तर पुन्हा नणंदेच्या आड आली असं मी म्हणेन, याची तिला धास्ती होती. ते मला तेव्हाच दिसत होतं, आणि मी त्याचा फायदा घेतला.

लग्न दणक्यात झालं. हळदीपासून सुनेचा डावा पाय ओढत होता, पण दमले असेन म्हणाली. नव्या फोटोत डाग वाढले होते. मग इंजेक्शनं सुरू झाली. नवा झटका आलेला नाही, पाय मात्र पुरता सुधारला नाही. आधी सुरू केली असती तर? दर खेपेला मी डॉक्टरांना विचारते. ते म्हणतात, नक्की सांगता येत नाही.

वर्षभराने लेकीच्या सासूबाई, आमच्या विहीणबाई, घरी आल्या. सुनेने एका हाताने भिंत धरत चहा आणला. आता लपवायचं काय राहिलं होतं? मी सगळं सांगून टाकलं. त्या चिडल्याच.

"काहून लपवलं, विहीणबाई? आम्ही काय लग्न मोडलं असतं? उलट म्हटलं असतं, आधी पोरीचं औषध चालू करा."

"जाऊ द्या ना, मीच तं हो म्हटलं होतं," सून म्हणाली.

मी विहीणबाईंच्या तोंडाकडे पाहत राहिले. मोडलं असतं, एवढं त्यांनी म्हणावं, असं मला फार वाटत होतं.