अमेरिकन फटफटी आणि रुसलेला जावई

सासुरवाडीत माणसाची अब्रू जायला काहीतरी मोठं कारण लागतं, असं मला वाटायचं. आता काय सांगू तुम्हाला, माझी नुसता हात वर केल्यानं गेली. चहा येईस्तोवर ऐका.

मी सेनगावचा, एसटीत कंडक्टर. जुन्या अमेरिकन मोटारसायकलीचं वेड मला पोरवयापासून. एक दिवस कळलं, परभणीत एका वकिलांच्या गोठ्यात तसली एक उभी आहे. सुजाताला, म्हणजे बायकोला, घेऊन तडक गेलो. लढाईच्या काळातली गाडी, उजव्या अंगाला साइडकार, तिच्यात कोंबडी अंड्यावर बसलेली. मी टाकीवरून हात फिरवला आणि कामातून गेलो.

निघताना वकीलसाहेब म्हणाले, "एक ध्यानात ठेवा. हिची मूठ सोडली तरी गाडी थांबत न्हाई."

"थांबंलच कशी? अमेरिकेची हाय," मी म्हणालो.

वकीलसाहेब माझ्याकडे जरा बघतच राहिले. मला वाटलं, गाडी चालली म्हणून जीव तुटत असेल बिचाऱ्याचा.

पुढं गाडी आमच्या अंगणात उभी राहिली आणि तेल गाळू लागली. गल्लीतला जो भेटेल त्याला मी सांगायचो, थांबत नाही म्हणे, वकिलानं स्वतः सांगितलंय. लोक म्हणायचे, आधी निघू तर द्या. भंगारवाला तर दर आठवड्याला फाटकाशी येऊन खाकरायचा.

शेवटी सुजातानं निकाल लावला. ती पुसेगावला शाळेत शिकवते, त्यामुळं घरातही तिची परीक्षा चालूच असते.

"मला हिच्यात बसवून शिरड शहापूरला न्या, बाबाच्या दारापस्तोर. वाटंत बंद पडली तर भंगारवाल्याला देऊन टाकायची. न्हाई पडली तर ऱ्हाऊ द्या."

माझी झोप उडाली. पण रविवारी निघालो, आणि गाडी काय पळाली म्हणून सांगू! हिंगोली गेलं, औंढा गेलं. वाटेत एकदाही न सोडता मी मूठ अशी आवळून धरली होती की बोटांना मुंग्या आल्या. सुजाता डोक्यावर पदर धरून साइडकारमध्ये बसलेली. मनातल्या मनात मी भंगारवाल्याला हाकलून मोकळा झालो.

शिरडला आमच्या सासऱ्यांची गल्ली बुद्धविहाराला वळसा घालून परत तिथंच येते. दारात सासरे उभे, सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन तयार, सगळी गल्ली ओट्यावर.

"जय भीम, पाव्हणं," सासरे म्हणाले.

जावयानं उत्तर द्यायला नको? मूठ सोडून मी उजवा हात वर केला. "जय भीम, मामा."

आणि गाडी त्यांच्या पुढून तशीच निघून गेली.

आता बघा, आपल्याकडच्या गाडीला रेसची मूठ सोडली की ती आपोआप मागं फिरते आणि गाडी हळू होते. जन्मभराची सवय आहे. हिची मूठ होती तिथंच राहिली. ही थांबेना म्हणून मी दुसराही हात सोडला. गडबडीत सवयीनं डाव्या पायानं ब्रेक दाबायला गेलो, तर त्या पायाखाली ब्रेक नव्हताच, क्लच होता, तोही पुढं दाबला की गाडी पळवणारा. घाबरून मी डोक्यावर घंटीची दोरी शोधली. एसटीत दोरी ओढली की गाडी थांबते ना!

साइडकारच्या ओढीनं गाडी आपसूक वळत राहिली, विहाराला वळसा घालून परत दाराशी आलो. दोन्ही हात हलवत ओरडत होतो, "थांबंना, थांबंना!" पण फटफटीच्या आवाजात कुणाला काय ऐकू जाणार?

"अगं, जावाई हातानं नको म्हणून ऱ्हायले," सासरे सासूबाईंना म्हणाले. "रुसले वाटतं."

झालं. जावई रुसला, हे वारं गल्लीभर पसरलं. पुढच्या वळशाला सासूबाई टॉवेल-टोपी घेऊन आडव्या आल्या आणि जेमतेम बाजूला झाल्या. त्याच्या पुढच्या वळशाला मेव्हणा कोंबडा उंच धरून पळत होता, "दाजी, उतरा की! काय चुकलं आमचं?"

तेवढ्यात सुजातानं साइडकारमधून हात लांब केला आणि मूठ मागं फिरवली. गाडी शहाण्यासारखी दारात थांबली.

सासऱ्यांनी माझ्यापुढं हात जोडले. "पाव्हणं, पोटात ठेवू नका. काहून रुसले?"

गाडी थांबवता येत नाही, हे अख्ख्या गल्लीसमोर कसं सांगणार? जे तोंडात आलं ते बोलून गेलो. "लग्नात मला नळी न्हाई भेटली."

"इतके वर्षं?" सासूबाईंनी कपाळाला हात लावला. तासाभरात मटण शिजलं आणि त्यातल्या सगळ्या नळ्या माझ्या ताटात आल्या. सगळे ओळीनं बसून बघत होते. खरं सांगू? मला नळी आवडतच नाही. सगळ्या चोखल्या.

परतताना गावाबाहेर मी विचारलं, "तुला मूठ कशी काय ठाऊक?"

"वकील मूठ कशी फिरवायची ते सांगत होते तवा मी तिथंच होते. तुमी गाडीकडं बघून राहिले होते."

"मग पहिल्याच वळशाला काहून थांबवली न्हाई?"

ती पदर सावरत म्हणाली, "आपली वरात जीपमधून निघाली होती. दाटीत मी कोणाला दिसलेच न्हाई. आज सगळ्या गल्लीनं बघितलं. मला अजून एक चक्कर पाहिजे होती."

असं कधी बोलली नव्हती ती. गाडी राहिली, हे तिनं न सांगताच मला कळलं.

गाडी खरंच राहिली. आज सकाळी मी जीपच्या मागं लटकून ड्यूटीवर निघालो होतो, तर पुसेगावच्या दोन मास्तरणींना साइडकारमध्ये कोंबून फटफट करत सुजाता आमच्या पुढून निघून गेली. शेजारी लटकलेल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "कोणाची हो ही अमेरिकन गाडी?"

मी म्हणालो, "आमच्या बाईंची."