बी विंगच्या पाण्याची वेळ

चिखलोलीच्या आमच्या सोसायटीत पाणी टँकरचं. दुपारी ए विंग, संध्याकाळी बी विंग, आणि व्हॉल्व्ह फिरवायचा वॉचमनने. तो कधी विसरायचा, कधी डुलकी काढायचा, मग जिन्यात भांडणं. म्हणून कमिटीने आपोआप उघडणारे व्हॉल्व्ह बसवायचं ठरवलं. मी प्रोग्रॅमर, त्यामुळे सेक्रेटरी माझ्याकडे आले.

"मॅडम, छोटंसं कोडिंग आहे. रविवारी करून टाका."

मी म्हटलं, आधी चार घरांशी बोलू. टँकर उशिरा आला तर काय, कुणाला अवेळी पाणी लागलं तर कसं सोडायचं, हे ठरल्याशिवाय मी एक ओळ लिहिणार नाही. ठरलेलं मशीनला कळेल असं लिहिणं म्हणजे कोडिंग. काय आणि कसं ठरवायचं याचा विचार म्हणजे प्रोग्रॅमिंग, आणि डोकं त्यातच लागतं.

ते हसले. "एवढा दिमाग नका लावू मॅडम. पाणीच तर सोडायचंय."

त्यांच्या भाच्याने एका संध्याकाळी काम उरकलं. मीटिंगमध्ये त्याला शाल-नारळ मिळाला. माझ्याकडे बघत कुणीतरी म्हणालं, काहींना नुसतं बोलायलाच पाहिजे असतं. मला ते अजून डाचतं.

पुढच्या हिवाळ्यात माझे वडील गेले. भरून ठेवलेलं पाणी त्यांच्या शेवटच्या अंघोळीत संपलं. दुपारी पुरुषमंडळी त्यांना घेऊन गेली. मागे घर धुवायचं होतं, आईला अंघोळ घालायची होती, आणि नळ कोरडा. आमच्या बी विंगची वेळ झाली नव्हती. वॉचमन बिचारा खाली हात जोडून उभा. नवा व्हॉल्व्ह हाताने फिरत नव्हता आणि भाचा फोन उचलत नव्हता.

समोर ए विंगची टाकी भरून वाहत होती. आई न्हाणीघरात पाटावर बसून तो आवाज ऐकत होती. शेवटी शेजारणींनी कुणी अर्धी बादली, कुणी कळशी असं पाणी आणून दिलं, त्यात तिची अंघोळ झाली. मला इतका संताप आला होता की रडूसुद्धा येईना.

दोन दिवसांनी सेक्रेटरी भेटायला आले. वडील कसे शांत स्वभावाचे होते वगैरे बोलून झाल्यावर हळूच म्हणाले, "मॅडम, मी चेक करून घेतलं. कोडिंगमध्ये काहीच मिस्टेक नाही."

खरंच नव्हती. लिहिलं होतं तसंच सगळं झालं होतं, अगदी वेळेवर.

आई आतून ऐकत होती. दारात येऊन तिने विचारलं, "मग चूक कुणाची, भाऊ?"

ते खाली मान घालून चपला शोधायला लागले.