पोकरमध्ये भिडू नसतो

तीस वर्षं लातुरात पोरांना गणित शिकवलं, आणि साठी उलटल्यावर एका ऑनलाइन कोर्समध्ये मीच ढ विद्यार्थिनी झाले. कोर्स तरी कशाचा, तर पोकरचा. पत्त्यांचा!

कारण लेक. ती बंगळुरात नोकरीला. फोनवर आमचं बोलणं म्हणजे "जेवलीस का?" "हाव." "बरी हायस ना?" "हाव." संपलं. गेल्या दिवाळीत ती आणि जावई पोकर खेळत खिदळत होते, आणि मी चहाचा ट्रे घेऊन पाहुण्यासारखी उभी. लई लागलं मनाला. तेव्हाच ठरवलं, पुढच्या दिवाळीत ह्या पोरीबरोबर पानं घेऊन बसायचंच.

कोर्समधला दाढीवाला मास्तर माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचा. पहिल्याच धड्यात म्हणाला, बहुतेक वेळा पानं टाकून द्यायला शिका. अरे बाबा, मी जन्मभर पोरांना सांगितलं, गणित अर्धं सोडू नका! पुढं म्हणे, दुसऱ्याच्या हातात काय असेल ते ओळखा, पण तो थापा मारत असेल हेही धरा, आणि तुम्ही थापा मारताय हे त्याला कळलंय हेही धरा. डोकं पार भंजाळलं. शक्यतेचं गणित मला येतं हो, पण ही तर भाऊबंदकी होती. तोच धडा चार वेळा बघितला, चारही वेळा वेगळंच समजलं.

"काय करून राहिलीस एवढं कानाला लावून?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"प्रवचन ऐकून राहिले."

"प्रवचनाला वही लागते व्हय?"

खरा घोळ मेंढीकोटनं केला. माझं माहेर देगलूर, तिथं आम्ही सगळी भावंडं मेंढीकोटवरच वाढलो. त्यात चौघं बसतात, समोरासमोरचे दोघं भिडू, आणि दश्श्या गोळा करायच्या. भिडूचा हात चालला असेल तर आपण मारायचा न्हाई. एकदा मी भिडू असलेल्या काकांचं पान कापलं, तर त्यांनी दोन दिवस अबोला धरला होता.

दिवाळी आली. पाडव्याला फराळ झाल्यावर मीच म्हटलं, "काढा पत्ते. पोकर."

लेक बघतच राहिली. "आई, तुला येतं?"

"लई येतं."

पैशाऐवजी चिंचोके वाटून घेतले. सतरंजीवर चौघं बसलो, आणि लेक नेमकी माझ्या समोर.

तिसऱ्या डावात माझ्या हातात दोन दश्श्या आल्या. मधल्या उघड्या पानांत आणखी एक दश्शी आणि दोन राण्या. मास्तरच्या भाषेत फुल हाउस, म्हणजे सहसा न हरणारी पानं. आमचे हे आणि जावई आधीच पानं टाकून मोकळे झाले होते. लेकीनं आपले सगळे चिंचोके पुढं सरकवले आणि माझ्याकडं रोखून बघितलं. मला वाटलं, भिडूनं इशारा केला! तिचा हात चाललाय, मी कशी मारू? मी हसत पानं टाकून दिली.

तिनं माझी पानं उलटी करून बघितली आणि आपली दाखवली. तिच्याकडं काहीच नव्हतं, नुसती थाप होती. आता हसेल म्हटलं, तर तिचे डोळे भरले.

"सोडून दिलंस ना? लहानपणीसुद्धा तू मुद्दाम हरायचीस, आई. मला कळायचं. वाटलं, यंदा तरी तू माझ्याशी खरं खेळशील."

"अगं, समोर बसलीस ना… मला भिडूच वाटलीस."

ती उठली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. "आता न्हाई ना भिडू? मग मार."

पुढच्या डावात मारलं. तिचे ओंजळभर चिंचोके ओढून घेतले. मला रडू येऊन राहिलं, आणि ती येडी हरून माझ्या गळ्यात पडली, खिदळत. हे कुठल्या धड्यात होतं, मला अजून सापडलेलं न्हाई.

"पानं वाट, आई," ती म्हणाली, "आणखी एक डाव."