भोंगेरावांचे दोन सेकंद

भोंगेरावांना मी कधी हळू बोलताना ऐकलं नाही. मांडव्याच्या धक्क्यावर बोटींच्या वेळा सांगणं हे त्यांचं काम, आणि माइक बिघडला तरी ते अडत नसे. "गेटवेची बोट लागली हाय, आधी उतरणाऱ्यांना उतरू द्या," असं ते धक्क्याच्या टोकावरून म्हणाले की रिक्षा स्टँडवरचा माणूसही चहा अर्धा टाकून निघायचा. त्यांचं खरं नाव धक्क्यावर फारसं कुणाला माहीत नव्हतं. ईशान, सई, तुम्ही सुट्टीत यायचात तेव्हा बोट लागायच्या आधीच त्यांचा आवाज ओळखायचात.

ईशानने परवा फोनवर विचारलं, "आजी, त्या फायली ठेवू की पुसून टाकू?" उत्तर देण्याआधी हा माणूस तुम्हाला नीट सांगायला हवा.

माझी एक जुनी विद्यार्थिनी मुंबईत एका लहानशा कंपनीत होती. परदेशी व्हिडिओ गेम आपल्या भाषांत आणण्याचं काम ती कंपनी करायची. तिने मला एका मारामारीच्या गेमची वाक्यं मराठीत करायला दिली. निरनिराळ्या गेममधले लढवय्ये त्यात एकत्र येऊन लढतात, जत्रेच्या फडात गावोगावचे पैलवान उतरावेत तसे. त्यातला वल्हं फिरवणारा म्हातारा नावाडी माझ्या वाट्याला आला होता. त्याच्यासाठी आवाजही सुचवा, असं तिने सांगितलं. मी दुसऱ्या कुणाचा विचारच केला नाही.

भोंगेराव लगेच तयार झाले. का, ते पडवीत बसल्यावर कळलं. "घशात गाठ हाय, बाई. डॉक्टर म्हणतो, आवाजाची पेटीच काढायची. त्याच्या आधी आवाज कुठंतरी ठेवून जाऊ या."

"मग मोबाईलमध्ये ठेवू या की," मी म्हटलं.

"मोबाईल पाण्यात पडतो. ह्यो खेळ जगभर जाईल ना?"

मी हो म्हटलं. त्या 'हो'चा मला कुठलाच अधिकार नव्हता.

माझी पद्धत तुम्हाला माहीत आहे. वहीत तीन रकाने आखले: मूळ जपानी, अमेरिकन आवृत्ती, मराठी. जपानी वाक्यांचा सरळ इंग्रजी अर्थ कंपनीने दिला होता, आणि तो अमेरिकन वाक्यांशी फार ठिकाणी जुळत नव्हता. जपानमध्ये नावाडी लढाईआधी दारू पितो. अमेरिकेत त्याच वाडग्यात सूप आहे. जपानमध्ये हरल्यावर तो आपल्या मेलेल्या गुरूची माफी मागतो. अमेरिकेत वाऱ्याला दोष देतो. एका देशात रक्त लाल, दुसऱ्या देशात घामासारखं पांढरं. भोंगेराव हे सगळं गंभीरपणे ऐकून घ्यायचे. "म्हणजे जो तो आपल्या गावापुरता म्हातारा करून घेतो," ते म्हणाले. "मग आपला नारळपाणी पिऊ दे. सुपाचा म्हातारा वल्हं काय मारणार?"

जिंकल्यानंतरच्या वाक्यावर मात्र ते अडले. जपानी नावाडी म्हणतो, 'चांगला लढलास.' अमेरिकन म्हणतो, 'घरी जाऊन रड.' भोंगेरावांना दोन्ही पटेनात. "पडलेल्या माणसाला आपण असं बोलतो व्हय? धक्क्यावर कुणी घसरला तर पहिलं काय म्हणतो?" आणि त्यांनी म्हणून दाखवलं, "ऊठ. पाणी पी." पडद्यावरचं तोंड दोन सेकंद हलतं, वाक्य तेवढ्यातच बसायला हवं होतं. ते बरोबर बसलं. कंपनीनेही ते मान्य केलं.

सराव माझ्या खोलीत व्हायचा, दारंखिडक्या बंद करून, भिंतींना गोधड्या लावून. मी मोबाईलवर रेकॉर्ड करायची, ते ऐकायचे आणि म्हणायचे, "पुसा. कच्चं ठेवायचं न्हाय. लोक नेमकं कच्चंच ऐकतात." मी पुसायची आणि वहीत बरोबरची खूण करायची. मुंबईच्या स्टुडिओत शेवटचं वाक्य झालं त्या दिवशी, परतीच्या बोटीत बसूनच, उरलेलं एक रेकॉर्डिंगही मी पुसलं. काम पुरं झालं की पसारा ठेवायचा नाही, अशी माझी आयुष्यभराची शिस्त. भोंगेराव शेजारी बसून शेंगा सोलत होते. मला कौतुकाने म्हणाले, "बाई, तुमचं सगळं टापटीप."

ऑपरेशन झालं. त्यानंतर त्यांच्या गळ्यात एक पाटी आली. दर रविवारी ते माझ्या फाटकाशी येऊन ती वर धरायचे. त्यावर एकच शब्द असायचा: 'आला?'

गेम आला, पण मराठी आवृत्ती रद्द झाली होती. मुंबईची कंपनी बंद पडली. तिथल्या रेकॉर्डिंगचं काय झालं ते माझ्या विद्यार्थिनीलाही शेवटपर्यंत कळलं नाही. मी भोंगेरावांना सांगितलं. ते घरी गेले आणि पुढच्या रविवारी बायकोला, माईंना, घेऊन आले. माईंनी हळूच विचारलं, "बाई, तुमच्या मोबाईलमध्ये तरी असंल ना थोडंसं? आमच्याकडं लग्नातला एक व्हिडिओ हाय, पण त्यात नुसता ब्यांडच ऐकू येतो." मी नाही म्हटलं. भोंगेरावांनी पाटी पालथी केली.

तेव्हा ईशान, तू फोनवर सांगितलंस की अशा गेमच्या पोटात न वापरलेलं बरंच राहून जातं: अर्धवट रंगवलेली मैदानं, कधीच न लढलेले लढवय्ये, टाकून दिलेलं संगीत. काही हौशी लोक ते उघडून बघतात. मी हे सांगितलं तेव्हा भोंगेरावांनी पाटीवर इतक्या जोरात 'शोधा' लिहिलं की खडू मोडला.

तू शोधलंस. 'लढा', 'पुन्हा खेळा' हे माझे शब्द सापडले. नावाड्याच्या मराठी वाक्यांच्या फायलीही सापडल्या, एकही कमी नव्हती. प्रत्येकीचं नाव बरोबर, लांबी बरोबर. आत आवाज नव्हता. तू समजावलंस की तोंड हलायला वेळ लागतो तेवढी जागा आधीच धरून ठेवतात, आवाज नंतर भरतात. आपला भरलाच गेला नव्हता.

हे त्यांना सांगायला मीच गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि लिहिलं: 'पाणी पी किती?'

"दोन सेकंद," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. खाली लिहिलं: 'बरोबर. तेवढंच होतं.' मग पाटी पुसली, आणि माईंनी आणलेला चहा माझ्याकडे सरकवला.

त्यानंतर रविवारी ते फाटकाशी आले नाहीत. गणपतीचं विसर्जन झाल्यावर ते वारले. धक्क्यावर आता एका बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज वेळा सांगतो. शब्द स्वच्छ आहेत, रिक्षा स्टँडपर्यंत पोचत नाहीत. माई कधीतरी दुपारी येतात, मी वही उघडून तिसरा रकाना वाचून दाखवते. त्या ऐकतात आणि म्हणतात, "असं न्हाय म्हणायचे ते." कसं म्हणायचे ते त्यांनाही म्हणून दाखवता येत नाही, मलाही नाही.

ईशान, त्या फायलींत काही नाही आणि पुढेही काही येणार नाही, हे मला कळतं. तरी तू काही पुसू नकोस. पुसायचं तेवढं माझं पुसून झालं आहे.