दोन फेऱ्यांच्या मधली सुमन

फोन शबानाचा होता. "आजी, मॅडम गेल्या," एवढंच म्हणाली आणि मग बराच वेळ नुसता तिचा श्वास ऐकू येत राहिला... नाकानं, संथ. रडायच्या आधी श्वास ताळ्यावर आणायची ही सवय सुमनचीच देणगी. सुमन माझी धाकटी नणंद. अकोल्याच्या जुन्या शहरात मुलींना बॉक्सिंग शिकवायची. दुपारी जेवून आडवी झाली, ती उठलीच नाही. भेटायला आलेले काहीजण म्हणाले, शिकवता शिकवता गेली असती तर तिला शोभलं असतं. मला तसं वाटत नाही. ती तिला शोभेल अशीच गेली.

मी लग्न होऊन आले तेव्हा ती शाळेत होती. उन्हाळ्यात आमच्याकडे गल्लीतल्या बाया पापड लाटायला जमायच्या. सुमन झपाझप लाटायची आणि मधेच लाटणं ठेवून भिंतीला टेकून बसायची. हात मांडीत, नजर कुठेच नाही. थोड्या वेळानं पुन्हा लाटणं. मी नवी सून, नावाजून घ्यायची भारी हौस. पाणी प्यायलासुद्धा उठले नाही. दुपारपर्यंत माझे पापड नकाशासारखे व्हायला लागले आणि संध्याकाळी मनगटं अशी सुजली की भाकरीचा घास मोडता येईना. सुमनचा शेवटचा पापड पहिल्यासारखाच गोल. मला तेल चोळून देताना म्हणाली, "थकल्यावर बसून काय फायदा वयनी? थकाच्या आधी बसा लागते." मी रात्री नवऱ्याला सांगितलं, तुमची बहीण आळशी आहे, हिच्याशी लग्न कोण करेल? कुणी केलं नाही हे खरं. पण तिनंही कुणाला विचारलं नव्हतं.

पुढे अमरावतीला शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन ती अकोल्याच्या शाळेत लागली. दादासाहेब म्हणून एक प्रतिष्ठित गृहस्थ होते. त्यांच्या मालकीच्या हॉलमध्ये संध्याकाळी तिचा वर्ग सुरू झाला. मला वाटलं होतं, तिथं ठोसे शिकवत असेल. ती बसायला शिकवत होती. बॉक्सिंगमध्ये दोन फेऱ्यांच्या मधे एक मिनिट मिळतं. त्या मिनिटात मुलींनी बोलायचं नाही, आईकडे बघायचं नाही, नाकानं श्वास घ्यायचा. सुमन दोन बोटं मनगटावर ठेवून नाडी उतरते का ते बघायची. नाडी उतरायच्या आत पुन्हा जुंपलं तर दंडातली आग तशीच राहते, हात जड होतात आणि खाली येतात. हात खाली आले की हनुवटी उघडी. फार वेळ बसवलं तर अंग गार पडतं, तेही वाईट. एका दिवशी जोरात, तर दुसऱ्या दिवशी हलकं. पालक डोकावून बघायचे आणि कुरकुरायचे, की पोरी अर्धा वेळ बसूनच असतात.

शबाना तिथलीच, गाद्या भरणाऱ्याची मुलगी. विभागाची स्पर्धा आमच्या अमरावतीला होती. सकाळी शबाना उपांत्य लढत जिंकली, अंतिम लढत संध्याकाळी. दुपारी सुमननं तिला माझ्या घरी आणून, पाय भिंतीला लावून झोपवलं. तेवढ्यात अकोल्याहून आलेल्या दादासाहेबांची गाडी दारात उभी राहिली, मागे उघडी जीप आणि ढोलताशा. मुलीला हार घालून गावातून फिरवून आणायचं होतं. आपल्याकडे जिंकलेल्याला स्वस्थ बसू देणं हा त्याचा अपमान समजतात. मी तोवर ठेवणीतली साडी नेसून, फोटोत कुठं उभं राहायचं ते ठरवूनही मोकळी झाले होते. या वयात!

सुमन उंबऱ्यावर उभी राहिली.

"झोपली हाये ते. आता उठवली तं सांजीले हात वर येनार नाही तिचे."

"हॉल कोनाचा हाये, माहीत हाये न बाई?" दादासाहेब म्हणाले.

"हॉल तुमचाच हाये. पोरगी माही हाये."

जीप रिकामीच वळली.

संध्याकाळी शबाना हरली, थोड्याशा गुणांनी. पुढच्या आठवड्यात हॉलला कुलूप लागलं. मी सुमनला म्हटलं, एक हार घालू दिला असता तर काय बिघडलं असतं? ती म्हणाली, "शेवटच्या फेरीतबी तिचे हात वर होते. तुमी पायलं नाही का?" मी पाहिलं नव्हतं. दादासाहेब कुठे बसलेत आणि किती रागावलेत, ते बघत होते.

त्यानंतर वर्ग एका जिनिंगच्या रिकाम्या गोदामात भरू लागला. कापसाचा हंगाम आला की पोरी बाहेर अंगणात. शबाना तिथंच शिकली, पुढे स्पर्धा जिंकली आणि आता तिथंच शिकवते. शोकसभाही गोदामातच झाली. दादासाहेब आता नाहीत, त्यांचा मुलगा आला होता. भला माणूस. म्हणाला, हॉल परत देतो, सुमनबाईंचं नाव देतो, येत्या रविवारी उद्घाटन करू, मुलींनी दिवसभर लढती दाखवाव्यात, पाहुणे येतील. मुलींची स्पर्धा सोमवारी होती. शबानानं माझ्याकडे पाहिलं. मी हळूच म्हटलं, हॉल घे बाई. सुधारणा म्हणून माझ्यात काही नाही...

शबाना त्याला म्हणाली, "इतवारले पोरी झोपतील, भैया. पुढच्या हप्त्यात कवाबी या." तो बघतो म्हणाला. हे लिहीपर्यंत आलेला नाही.

त्या रविवारी मी मुद्दाम अकोल्याला गेले. गोदामात सतरंजीवर पोरी रांगेनं पडलेल्या, पाय भिंतीला लावून. पत्र्यावर ऊन, बाकी आवाज नाही. शबाना एकेकीचं मनगट धरत पुढं सरकत होती. माझेही गुडघे दुखत होते, म्हणून रांगेच्या टोकाला मीही पडले. ती माझ्यापाशी आली, दोन बोटं मनगटावर ठेवली. हॉलचं काय झालं म्हणून मी विचारायला गेले.

"चूप, आजी," ती म्हणाली. "मिनिट व्हाचं हाये अजून."