आशादायी शेवट

पेण आणि रोहा तालुक्यांतल्या कॉलेजांची कथास्पर्धा होती. विषय होता ‘पन्नास वर्षांनंतरचं माझं गाव’. मी पेणहून वर्तमानपत्राला बातम्या पाठवतो, म्हणून मला परीक्षक केलं. दुसरे परीक्षक एक निवृत्त मुख्याध्यापक. कथा वाचायला आम्ही त्यांच्या ओटीवर बसलो.

पेणच्या कथांत यंत्रमानव गणपतीच्या डोळ्यांची आखणी करत होते. रोह्याच्या कथांत कारखान्यांच्या धुराड्यांतून सुगंध येत होता. पनवेल-रोहा गाडी बहुतेक कथांत उडत होती; एका कथेत वेळेवरही येत होती.

वेगळी कथा एकच, खाडीकाठच्या गावातल्या एका मुलीची. तीत उधाणाच्या भरतीला बांध फुटतो, भातशेती खाऱ्या पाण्याखाली जाते आणि पन्नास वर्षांनंतर लोक होडीतून येऊन देवळाचा कळस बघतात. त्या गावच्या बांधाला खरोखरच खांड, म्हणजे भगदाड, पडलेली आहे, माणूस आडवा झोपेल एवढी, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

मुख्याध्यापक म्हणाले, “भाषा उत्तम. पण शेवट आशादायी हवा, असा नियम आहे.”

मुलीला बोलावून घेतलं. तिनं नियम ऐकला आणि विचारलं, “पहिली आलेली गोष्ट साहेबांसमोर वाचणार ना?” साहेब म्हणजे बक्षीस द्यायला येणारे पुढारी.

“हो.”

“मग बदलते. आमचा बांध त्यांच्या कानावर तरी जाईल.”

तिनं ओटीवरच नवा शेवट लिहिला. खांड बुजली, बांध सिमेंटचा झाला, देऊळ कोरडं राहिलं. पहिला क्रमांक तिला दिला.

बक्षीस समारंभात साहेबांनी कथा डोळे मिटून ऐकली. भाषणात म्हणाले, “आमच्या कामाची या लेकीनं दखल घेतली.”

मुलगी जागेवर उभी राहिली. “साहेब, तो बांध अजून व्हायचाय.”

“होणारच,” साहेब म्हणाले. टाळ्या पडल्या. मी आश्वासनाची बातमी पाठवली. ती ‘खारबांधाचा प्रश्न मार्गी’ या मथळ्याखाली छापून आली.

खांड तशीच राहिली. स्पर्धेची जिल्हा फेरी अलिबागला ठरली, नेमकी पौर्णिमेला. त्या गावात उधाणाच्या दिवशी घरटी एक माणूस बांधावर जातो. मुलीचे वडील कंपनीत शिफ्टला होते, आईचा पाय प्लास्टरमध्ये. राहिली तीच. अलिबागला तिच्याऐवजी दुसरा क्रमांक गेला, रोह्याचा, सुगंधी धुराड्यांवाला.

मी बांधावर गेलो. माणसं रांगेत उभी राहून चिखलाची ढेकळं हातोहात पुढे देत होती. तिच्या मागची शेजारीण म्हणाली, “अगो, तुझ्या गोष्टीत सिमेंट हाय ना? त्यातलं जरा इकडं दे.”

“नाय उरलं काकी. साहेबांच्या भाषणात लागलं सगळं.”

रांग हसली, पण हात थांबले नाहीत. भरती यायच्या आत खांड बुजली. पाणी नव्या चिखलापर्यंत आलं, थोडा वेळ तिथंच राहिलं आणि उतरलं.

हात धुता धुता ती मला म्हणाली, “सर, पुढच्या वर्षी अमावास्या-पौर्णिमा सोडून तारीख धरायला सांगा. उधाण कधी येणार ते आधीच कळतं.”

मी संयोजकांना कळवलं. तारीख पाहुण्यांच्या सोयीनं ठरते, असं उत्तर आलं.