अर्ध्यावर अडणारं दार

जालन्याच्या दवाखान्यात शेवटच्या दिवशी माझ्या बायकोनं, सुमननं, मला काय विचारलं असंल? जेवलात का, न्हाई. लेक वंदना आली का, न्हाई. नळी लावलेला हात वर करून म्हणाली, "ओ, तिजोरी हलवून पाहिली का?" माझं टकुरंच फिरलं. दोन दिवस मी परतूरला घरी गेलोच नव्हतो. तरी ठोकून दिलं, "पाहिली. बिलकुल हलत न्हाई. झोप आता." ती झोपली... सकाळी डॉक्टरनं मला बाजूला बोलावलं. एवढ्या वर्षांच्या संसारात शेवटचं बोलणं म्हणजे ही थाप. दीड महिना झाला, घास घेताना ती थाप आडवी येते.

तिजोरीचं खूळ तिचंच. पलीकडच्या गल्लीतली एक तिजोरी चोरांनी अख्खीच उचलून नेली, ती कपाशीच्या रानात पालथी सापडली. तेव्हापासून हिचा धोशा, आपली जमिनीला आवळा. मी चौथी शिकलेला, पण कापसाच्या जिनिंगात मशिनी बसवण्यात हयात गेली. मला शिकवायचं? जिन्याखालच्या अरुंद जागेत शहाबादी फरशीला भोकं पाडून बोल्ट ठोकले. तिनं तिजोरीला दोन्ही हातांनी हिसका दिला, फरशी वर! खाली नुसता मुरूम. "मशिनी अशाच बसवल्या का?" मंग मागच्या भिंतीला... ती मातीची, ढेकळंच हातात आली. शेवटी हातभर खड्डा खणला, काँक्रीट ओतून चार बोल्ट उभे केले, आठ दिवस पाणी मारलं. मेव्हण्याला, हिच्या भावाला, हाताशी घेऊन तिजोरी बोल्टांवर उतरवली. बराबर बसली. दार उघडलं तर अर्ध्यावरच समोरच्या भिंतीला अडलं. माप मी दार लावून घेतलं होतं.

नट आतून आवळायचे, अन् माझा पंजा आत जाईना. आत पाना फिरंना म्हणून तो कापून आखूड केला. मंग तिनं बांगड्या मागं सारल्या, हात घातला, चारी नट तिनंच आवळले. मी बाहेरून नुसता "अजून, अजून" करून राह्यलो. "सगळं फोडून नीट बसवतो," म्हटलं तर म्हणे, "काही नका फोडू. माझा हात जातो ना?" मला ते पटंना. रोज फोडायच्या गोष्टी करायचो. आठवड्यात पानाच गायब. मी मेव्हण्यावर आळ घेतला, दोन वर्षं त्याच्याशी बोललो न्हाई. ही गुमान ऐकून घ्यायची. अन् रोज दिवेलागणीला तिजोरीला हिसका द्यायची.

परवा वंदना आली. "बाबा, नट काढू, तिजोरी घेऊन माझ्याकडं जालन्याला चला. एकटे कशाला राहता?" किल्ली माझ्याकडं, पण हात न्हाई. पोरीचा हात आईसारखाच, सरळ आत गेला. घराचे कागद निघाले, चांदीच्या पाटल्या निघाल्या, अन् खालून फडक्यात गुंडाळलेला आखूड पाना.

"बाबा, हा तिजोरीत कशाला?"

कशाला! मी कुणाच्या तरी हातानं नट काढीन म्हणून. तिनं सख्ख्या भावाला चोर होऊ दिलं, पण पाना दिला न्हाई. मेव्हण्याची माफी मंग मला एकट्यालाच मागावी लागली. आता भांडू तरी कुणाशी?

"काढू का मंग नट?" वंदनानं विचारलं.

"ठेव तिथंच. कुलूप लाव."

ती रागावूनच गेली. दिवेलागणीला मी खाली बसलो, दोन्ही हातांनी धरून हिसका दिला... हलत न्हाई, सुमन. आज खरंच पाहिली.